कापडाचे धागे कापणारं मशीन पाहिलं आणि या सुतारानं गवत कापायचं मशीन बनवलं

टीव्हीवर क्रिकेटची मॅच सुरू होते. कॅमेरा वरून मैदान दाखवतो आणि आपल्याला दिसतात गवतावरचे पट्टे. एक फिकट हिरवा, एक गडद हिरवा, परत एक फिकट. अनेकांना वाटतं की दोन जातीचं गवत लावलं असेल किंवा रंग मारला असेल.

तसं काही नसतं. गवत एकच असतं. गवत कापायचं मशीन ज्या दिशेनं जातं, त्या दिशेला त्याचा रोलर गवताची पाती वाकवतो. आपल्यापासून लांब वाकलेली पाती जास्त उजेड परत फेकतात, म्हणून ती फिकट दिसतात. आपल्याकडे वाकलेली गडद दिसतात. एवढंच.

पण हा रोलर आणि त्याच्या पुढं गोल फिरणारी पाती, ही जोडी सगळ्यात आधी कुणाच्या डोक्यात आली?

त्या माणसाचं नाव एडविन बिअर्ड बडिंग. हा कुणी बागेचा तज्ज्ञ नव्हता, जमीनदारही नव्हता. आधी सुतारकाम करणारा, नंतर कापड गिरण्यांची मशीन दुरुस्त करत फिरणारा कारागीर. त्यानं १८३० साली बनवलेल्या मशीनचं मूळ डिझाइन आज जवळपास २०० वर्षांनंतरही बदललेलं नाही. जगातली मोठी मैदानं आजही त्याच तत्त्वावर कापली जातात.

तर विषय सुरू होतो इंग्लंडमधल्या एका खोऱ्यात.

लाल कापडाचं गाव

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला ग्लॉस्टरशायर नावाचा परगणा आहे. त्यात स्ट्राउड नावाचं गाव. आजूबाजूला उंच टेकड्या, मधून अरुंद दऱ्या आणि दऱ्यांमधून जोरात वाहणारे ओढे. पाण्याच्या जोरावर चाकं फिरवता येतात म्हणून इथं कापड गिरण्या उभ्या राहिल्या. एकदोन नाहीत, ओढ्याकाठी रांगच लागली.

स्ट्राउडचं लोकरी कापड प्रसिद्ध होतं. त्यातही लाल रंगाचं. ब्रिटिश सैनिक ज्या लाल डगल्यांमुळं लांबून ओळखू यायचे, त्या डगल्यांच्या कापडासाठी हा भाग नावाजलेला होता. बिलियर्डच्या टेबलावर जे हिरवं कापड ताणून बसवतात, त्यासाठीही स्ट्राउडचं नाव घेतलं जायचं. आपल्याकडं जुन्या मराठीत अशा विलायती लोकरी कापडाला सकलाद म्हणायचे. ईस्ट इंडिया कंपनी हे कापड जहाजात भरून पूर्वेकडं आणायची.

याच भागातल्या ईस्टिंग्टन गावात १७९६ साली एडविन बडिंगचा जन्म झाला.

पोरगा मोठा झाला तसा सुतारकामाला लागला. पण आजूबाजूला सगळं वातावरण मशीनचं. लाकडाच्या जागी लोखंड येत होतं. माणसाच्या हाताच्या जागी पट्टे आणि चाकं येत होती. बडिंगचा ओढा लाकडाकडून लोखंडाकडं वळला. तो लोखंडाच्या ओतशाळांमध्ये आणि गिरण्यांमध्ये कामं घेऊ लागला. कुणाचं मशीन बिघडलं, बोलवा बडिंगला. कुणाला मशीनमध्ये सुधारणा पाहिजे, बोलवा बडिंगला.

गवताची आयडिया याच फिरस्तीत सापडली.

कापडाची दाढी

लोकरीचं कापड विणून झालं की त्याला आधी पाण्यात आपटून घट्ट करायचे. मग काटेरी बोंडांनी त्याच्यावरची लव उभी करायचे. आता कापडावर लांब, छोटे, आडवे, तिडवे धागे उभे राहायचे. हे धागे एकसारखे कापले की कापड मखमलीसारखं गुळगुळीत व्हायचं. थोडक्यात कापडाची दाढी करायची.

पूर्वी हे काम हातानं चालायचं. भल्यामोठ्या जड कात्र्या घेऊन कसलेले कारागीर कापडावरची लव छाटायचे. हात जरा चुकला की महागाचं कापड वाया. म्हणून या कारागिरांना मान होता, मजुरीही चांगली होती.

मग मशीन आलं. यॉर्कशायरमध्ये १८१२ च्या सुमारास याच कारागिरांनी कापड कातरायची मशीन हातोड्यांनी फोडली. त्यांना लडाइट म्हणतात. सरकारनं लष्कर घातलं, फाशी दिली, पण मशीन काही थांबलं नाही.

स्ट्राउडजवळच्या ब्रिम्सकोममध्ये जॉन लुईस नावाच्या गिरणीवाल्यानं १८१५ साली कापड कातरायच्या नव्या मशीनचं पेटंट घेतलं. त्यात एक आडवा दंडगोल होता. त्याच्यावर पिळाच्या आकारात पाती बसवलेली. खाली एक सरळ, स्थिर पट्टी. दंडगोल फिरला की पातं पट्टीला घासून जायचं आणि मध्ये आलेला धागा कात्रीसारखा कट व्हायचा.

बडिंगचं काम अशाच मशीनमध्ये चालायचं. त्यानं हे मशीन फिरताना पाहिलं आणि त्याला कापडाच्या जागी गवत दिसलं.

विचार केला तर दोन्हीकडं सारखंच आहे. एक सपाट जागा, त्यावर उभे बारीक धागे, आणि ते एका उंचीवर कापायचे. फरक एवढाच की कापड मशीनपाशी येतं, गवत येत नाही. मशीनलाच गवतापाशी जावं लागणार.

तोपर्यंत गवत कसं कापायचे?

हे समजल्याशिवाय बडिंगनं काय केलं ते कळत नाही.

त्या काळी हिरवळ म्हणजे लॉन ही श्रीमंती मिरवायची गोष्ट होती. ज्या जमिनीत धान्य पिकू शकतं, तिथं नुसतं शोभेचं गवत ठेवायचं आणि ते सतत कापत राहायचं, हे सामान्य माणसाला परवडणारच नव्हतं. एक मार्ग होता मेंढ्या सोडायचा. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर सुद्धा मेंढ्यांकडून गवत खाऊन घ्यायचे. फुकटचं काम, पण मेंढी लेंड्या टाकणार आणि मैदान खडबडीत राहणार.

दुसरा मार्ग लांब दांड्याच्या विळ्याचा. हा आपला गुडघ्यावर बसून कापायचा विळा नाही. उभ्यानं, कंबरेतून वळत, अर्धगोलात फिरवायचा मोठा विळा. गवत दवानं ओलं असताना तो चांगला चालायचा, म्हणून माणसं पहाटे उठून कामाला लागायची. मागून दुसरी माणसं, अनेकदा बायका, कापलेलं गवत झाडून गोळा करायची. इतकं करूनही विळ्याच्या फटकाऱ्यांच्या खुणा हिरवळीवर दिसायच्या. त्या दिसू न देणारा माणूस म्हणजे अव्वल कारागीर.

बडिंगचं मशीन या सगळ्या साखळीच्या मुळावर येणार होतं.

रात्रीच्या अंधारात चाचणी

बडिंगकडं डोकं होतं, पैसा नव्हता. तो गेला जॉन फेराबीकडं. फेराबीचा थ्रप गावात फिनिक्स नावाचा कारखाना होता. तिथं कापड गिरण्यांची मशीन बनायची. म्हणजे पिळाची पाती, दातेरी चाकं, बिडाचं ओतकाम, सगळं एका छपराखाली.

१८ मे १८३० रोजी दोघांमध्ये करार झाला. मशीन तयार करायचा आणि पेटंटचा खर्च फेराबीनं करायचा. बदल्यात मशीन बनवायचे, विकायचे आणि इतर कंपन्यांना परवाने द्यायचे हक्क फेराबीकडं. आजच्या भाषेत बडिंगची आयडिया आणि फेराबीची गुंतवणूक.

असं सांगतात की पहिल्या मशीनच्या चाचण्या रात्री घेतल्या. दिवसाढवळ्या एखादा माणूस घडघड आवाज करणारं लोखंडी धूड गवतावर ढकलत निघालाय हे बघून लोक वेड्यात काढतील किंवा कुणीतरी आयडिया चोरेल, ही भीती होती म्हणे.

३१ ऑगस्ट १८३० ला पेटंट मिळालं.

ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण त्याच आठवड्यात इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला, केंट परगण्यात, शेतमजुरांनी मळणीचं यंत्र फोडलं आणि बघता बघता दक्षिण इंग्लंडभर मजुरांचं बंड पसरलं. हिवाळ्यात हातानं मळणी करून चार पैसे मिळायचे, ते यंत्रानं हिरावले होते. इतिहासात हे स्विंग दंगे म्हणून ओळखले जातात. आणि दोन आठवड्यांनी, १५ सप्टेंबरला, लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली.

एका बाजूला मजूर मशीन फोडत होते, दुसऱ्या बाजूला वाफेची गाडी धावत होती. या दोन्हीच्या मधोमध एका सुतारानं गवत कापायचं मशीन आणलं.

मशीनमध्ये नेमकं काय होतं?

याला सिलिंडर मोअर म्हणतात. सिलिंडर म्हणजे आडवा फिरणारा दंडगोल, ज्याच्यावर पाती असतात.

बडिंगचं पहिलं मशीन १९ इंच रुंद होतं. सांगाडा लोखंडी. मागं एक जड रोलर. माणूस दांडा धरून मशीन ढकलायला लागला की हा रोलर फिरायचा. रोलरला जोडलेली दातेरी चाकं ती गती पुढच्या सिलिंडरला द्यायची. पण जशीच्या तशी नाही. रोलर एकदा फिरला की सिलिंडर १६ वेळा फिरायचा. माणूस चालायच्या वेगानं चालणार आणि पाती मात्र गरागरा फिरणार, याचं गणित त्या चाकांमध्ये होतं.

सिलिंडरच्या खाली स्थिर पट्टी. पातं वरून येऊन गवत पट्टीकडं ओढणार आणि पट्टीला घासून कापणार. पाती सरळ नसून पिळाची का? कारण सरळ पातं सगळं गवत एकाच झटक्यात कापायला जाईल आणि मशीन अडखळेल. पिळाचं पातं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं हळूहळू कापत जातं, कात्री मिटल्यासारखं.

सिलिंडर आणि मोठ्या रोलरच्या मध्ये आणखी एक छोटा रोलर होता. तो वर-खाली केला की गवत किती उंचीवर कापायचं ते ठरवता यायचं. कापलेलं गवत पुढच्या ट्रेमध्ये जाऊन पडायचं, म्हणजे झाडायचं कामही वाचलं. शिवाय जो रोलर मशीन चालवायचा, तोच जमीन दाबून सपाट करायचा.

मशीन होतं मात्र जड. म्हणून पुढं आणखी एक दांडा असायचा. एकानं मागून ढकलायचं, दुसऱ्यानं पुढून ओढायचं.

पेटंटच्या कागदात बडिंगनं एक गंमतशीर मुद्दाही टाकला होता. गावाकडच्या सधन मंडळींनी हे मशीन स्वतः चालवलं तर त्यांची करमणूक होईल आणि व्यायामही होईल, अशा अर्थाचा. जिमची जाहिरात १८३० मध्येच झाली म्हणा ना.

सहा ते आठ माणसांचं काम

सुरुवातीच्या गिऱ्हाइकांमध्ये होती लंडनच्या रीजंट्स पार्कमधली प्राणिसंग्रहालयाची बाग आणि ऑक्सफर्डची कॉलेजं. प्राणिसंग्रहालयाच्या बागेच्या मुकादमानं सांगितलं की विळे आणि झाडू घेतलेल्या सहा ते आठ माणसांचं काम हे मशीन करतं, आणि मागं खूणही राहत नाही.

बागकामावर लिहिणारे त्या काळचे मोठे संपादक जॉन लाउडन यांनीही आपल्या मासिकात मशीनची स्तुती केली.

मालकासाठी ही आनंदाची बातमी होती. पण तेच वाक्य उलटं वाचलं तर कळतं की पहाटे विळा घेऊन येणाऱ्या सहा-आठ जणांचं आता काय, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. त्यांची नावं कुठंही लिहिलेली नाहीत.

अर्थात सगळं एका रात्रीत बदललं नाही. मशीन महाग होतं, जड होतं, दातेरी चाकांचा खडखडाट मोठा होता. बऱ्याच बागांमध्ये पुढची कित्येक वर्षं विळाच चालला. १८३२ मध्ये इप्सविचच्या रॅन्सम कंपनीनं परवाना घेऊन ही मशीन बनवायला सुरुवात केली. तेव्हा शेतीची अवजारं बनवणारी ही कंपनी पुढं गवत कापायच्या मशीनमधलं मोठं नाव झाली.

आणि बडिंग? त्यानं कारखाना काढला नाही, ब्रँड उभा केला नाही. तो पुढच्या कामाला लागला.

पिस्तूल, पाना आणि बरंच काही

बडिंगचं डोकं एका जागी थांबणारं नव्हतं. त्यानं एक पिस्तूल बनवलं होतं, पाच नळ्यांचं. एकेक नळी फिरवत पाच गोळ्या झाडता यायच्या. सॅम्युअल कोल्टचं जगप्रसिद्ध रिव्हॉल्व्हर बाजारात यायच्या आधीची ही गोष्ट आहे.

१८४० साली अर्ल ऑफ ड्युसी हा सरदार आणि त्याच्या कारखान्याचा इंजिनिअर रिचर्ड क्लायबर्न यांच्यासोबत बडिंगनं चारा वगैरे कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. म्हणजे आपल्याकडच्या कडबा कुट्टीच्या खानदानातलं यंत्र.

गॅरेजमध्ये गेलात तर एक पाना असा दिसतो, ज्याचा जबडा स्क्रू फिरवून लहानमोठा करता येतो. एकच पाना, अनेक मापांचे नट. असा स्क्रूवाला पाना बनवण्याचं श्रेयही बडिंगला दिलं जातं. काही जण ते क्लायबर्नला देतात. दोघं एकाच वर्तुळात काम करत होते, त्यामुळं ही गुंतागुंत होणारच.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात बडिंग डर्स्ली गावात आला. तिथं जॉर्ज लिस्टर नावाचा कारखानदार लोकर पिंजायच्या यंत्रांना लागणाऱ्या तारांच्या पट्ट्या बनवायचा. बडिंगनं त्याच्यासोबत त्या यंत्रांमध्ये सुधारणा केल्या.

लिस्टर हे नाव ओळखीचं वाटतंय? याच जॉर्जचा मुलगा रॉबर्ट ॲश्टन लिस्टर. त्यानं १८६७ मध्ये डर्स्लीतच आपली कंपनी सुरू केली. पुढं तिचीच डिझेल इंजिनं जगभर गेली. गावाकडच्या पिठाच्या गिरणीत किंवा विहिरीवर टुक टुक करत चालणारं लिस्टर इंजिन अनेक जुन्या माणसांना आठवत असेल. गुजरातमधल्या राजकोटला तर त्या धर्तीवरची इंजिनं कित्येक वर्षं बनत राहिली. ज्या गावातून हे इंजिन आलं, त्याच गावात बडिंगनं शेवटचे दिवस काढले.

१८४६ मध्ये बडिंग गेला. वय साधारण पन्नास. त्या काळी इंग्लंडमध्ये पेटंटची मुदत १४ वर्षांची असायची, म्हणजे त्याच्या मशीनचं पेटंट १८४४ मध्येच संपलं होतं. हिरवळीचा खरा बाजार त्याच्यानंतर पेटला, आणि तो बघायला बडिंग नव्हता.

माणूस गेला, मशीन सुटलं

बडिंग जिवंत असतानाच, १८४२ मध्ये, स्कॉटलंडच्या अलेक्झांडर शँक्सनं घोड्यानं ओढायचं मोठं मशीन काढलं. इंग्लंडचं पेटंट तेव्हा स्कॉटलंडला लागू नव्हतं. घोड्याच्या खुरांच्या खुणा हिरवळीवर उठू नयेत म्हणून घोड्यांना चामड्याचे बूट घालायची पद्धत पडली. भारतात घोड्याच्या जागी बैल आले. ताजमहालच्या बागेत बैल जुंपलेलं गवत कापायचं मशीन जुन्या फोटोंमध्ये बघायला मिळतं.

१८५९ मध्ये लीड्सच्या थॉमस ग्रीननं दातेरी चाकांच्या जागी साखळी बसवली. खडखडाट कमी झाला, वजन कमी झालं. १८९० च्या दशकात वाफेवरची मशीन आली आणि १९०२ मध्ये रॅन्सम कंपनीनं पेट्रोलचं मशीन बाजारात आणलं.

मशीन हलकं आणि स्वस्त होत गेलं तशी हिरवळ वाड्यातून मध्यमवर्गीयांच्या घरामागं आली. सारखं, सपाट, आखूड गवत आता कुठंही मिळू लागल्यावर खेळ बदलले. क्रोके, लॉन टेनिस, बोल्स, गोल्फ, क्रिकेट. १८७७ मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली, ती सुद्धा क्लबचा घोड्यानं ओढायचा रोलर दुरुस्त करायला पैसे हवे होते म्हणून, असं सांगतात. आज विम्बल्डनचं गवत ८ मिलिमीटरवर कापतात. विळ्यानं हे जमणं कठीण.

ही हिरवळ मुंबईतही आली, आणि इथं ती कुणाची हा प्रश्न घेऊन आली. १८८० च्या दशकात फोर्टजवळच्या मैदानावर गोऱ्यांच्या पोलोचे घोडे धावायचे आणि त्यांच्या टापांनी पारशी, हिंदू पोरांची क्रिकेटची जागा उखडली जायची. गोऱ्यांच्या जिमखान्याची स्वतःची हिरवळ मात्र राखीव. पारशी क्रिकेटपटूंनी त्याविरुद्ध सरकारकडं अर्ज केले. गवत कापणारं मशीन स्वस्त झालं म्हणून गवतावर पाऊल ठेवायचा हक्क आपोआप मिळत नाही, हे मुंबईनं तेव्हाच बघितलं.

जुनं मशीन आजही का चालू होतं?

बडिंगच्या काळातली मोजकी मशीन उरली आहेत. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आणि स्ट्राउडच्या म्युझियममध्ये ती बघायला मिळतात. पण त्याच्या वंशातली शंभर वर्षं जुनी मशीन इंग्लंडमध्ये लोकांच्या शेडमध्ये अजून सापडतात. ती दुरुस्त करून चालवणाऱ्यांचा छंदच आहे. १९९० मध्ये अशा लोकांनी ओल्ड लॉनमोअर क्लब काढला. साउथपोर्टला तर गवत कापायच्या मशीनचं स्वतंत्र म्युझियम आहे.

गंजून पडलेलं मशीन पुन्हा चालू होतं याचं श्रेय बडिंगच्या डिझाइनला जातं. सगळं उघडं, सगळं डोळ्याला दिसणारं, सगळं पान्यानं खोलता येणारं. आपल्याकडंही शाळा, बंगले, नगरपालिकेच्या बागांच्या कोपऱ्यात हातानं ढकलायची अशी मशीन पडलेली असतात. भंगारात घालायच्या आधी एवढं वाचा.

पहिली गोष्ट, सुरक्षा. सिलिंडर हातानं सहज फिरतो आणि तितक्याच सहज बोट कापतो. पेट्रोलचं मशीन असेल तर आधी स्पार्क प्लगची वायर काढायची. हातात जाड मोजे घालायचे आणि सिलिंडर फिरू नये म्हणून लाकडाचा तुकडा अडकवायचा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळं कोरडं घासून धूळ उडवायची नाही.

दुसरी गोष्ट, खोलण्याआधी फोटो काढायचे. रोलरच्या आत खटके असतात. मशीन पुढं ढकललं की पाती फिरतात आणि मागं ओढलं की थांबतात, ते त्यांच्यामुळं. डावीकडचा खटका उजवीकडं बसवला की मशीन चालतच नाही आणि माणूस दिवसभर डोकं खाजवत बसतो.

तिसरी गोष्ट, हातोडा लांब ठेवायचा. बीड कडक असतं पण ठिसूळ असतं. बिडाचा तवा पडला की कसा तडकतो, तसंच मशीनच्या बाजूच्या प्लेटचं होतं. अडकलेल्या नटावर गंज सोडवणारं तेल टाकायचं, एक रात्र थांबायचं, परत टाकायचं. घाई केली की बोल्ट तुटतो.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, पात्याची सेटिंग. सिलिंडर आणि खालची पट्टी यांच्यात कागदाची पट्टी धरायची आणि सिलिंडर हळूच हातानं फिरवायचा, बोटं लांब ठेवून. कागद कात्रीनं कापल्यासारखा स्वच्छ कटला पाहिजे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका बाजूला कापतोय आणि दुसऱ्या बाजूला नुसता दुमडतोय, तर त्या बाजूचा स्क्रू थोडा फिरवायचा. थोडाच. जास्त आवळलं की पातं पट्टीवर रगडतं, मशीन जड चालतं आणि दोन्ही झिजतात.

धार थोडी गेली असेल तर पात्यांना घासायची पेस्ट लावून सिलिंडर उलटा फिरवायचा. पातं आणि पट्टी एकमेकांनाच धार लावतात. नंतर ती पेस्ट पूर्ण धुऊन काढायची, नाहीतर ती चालू मशीन खात राहते. कानस घेऊन एकेक पातं घासायचा मोह आवरायचा. पाती कमीजास्त झाली की सिलिंडरचा गोल बिघडतो आणि मग खास ग्राइंडिंग मशीनवर नेण्यावाचून पर्याय राहत नाही.

बाकी रोजची काळजी सोपी आहे. काम झालं की ओलं गवत लगेच झाडायचं, बुश आणि चाकांना थोडं थोडं पण नियमित तेल द्यायचं, पावसाळ्यात पात्यांवर तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी ठेवायचं. आणि जुना रंग, कंपनीचं नाव शक्यतो तसंच राहू द्यायचं. नवा चकचकीत रंग कधीही मारता येतो, जुना परत आणता येत नाही.

एक गोष्ट बघा. कापायची उंची आणि पातं-पट्टीतलं अंतर, या दोनच सेटिंग आजही मशीन चालवणारा माणूस रोज बघतो. या दोन्ही बडिंगनं १८३० मध्येच विचारात घेतल्या होत्या. तो स्वतः दुरुस्तीवाला होता. मशीन बिघडणार, झिजणार आणि कुणाला तरी ते परत जुळवावं लागणार, हे त्याला इतर कुणापेक्षाही जास्त माहीत होतं. म्हणून त्यानं स्क्रू तिथं ठेवले, जिथं हात पोचतो.

डर्स्लीत बडिंगला पुरलं. तो फार श्रीमंत झाला नाही, त्याच्या नावाचा ब्रँड आज बाजारात नाही. पण कुठल्याही मोठ्या मैदानात सकाळी लवकर गेलात तर ग्राउंड्समन मशीन बाहेर काढण्याआधी खिशातून कागदाचा तुकडा काढताना दिसेल. पातं नीट कापतंय ना, हे बघायला.